साहेब कुठला?

मनिलाच्या ऑफिसात पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त अवघडायला झालं ते 'सर' या शब्दाने. पुण्यात आम्ही सगळे एकमेकांना नावाने हाक मारतो, अगदी व्हाइस प्रेसिडेंटलासुद्धा (निदान तोंडावर). आणि इथे मी, सत्तावीस वर्षांचा, आदल्या रात्री विमानातून उतरलेला, आणि सात जणांची अख्खी टीम मला सर म्हणतेय. त्यातल्या एक बाई चव्वेचाळीस वर्षांच्या. ज्या सिस्टीमवर लीड म्हणून मला पाठवलं होतं, तिच्यावर त्या मी शाळेत असल्यापासून काम करत होत्या.

मग मला का पाठवलं? डिलिव्हरी पुण्यातून चालते, प्रोसेस पुण्यात लिहिलेली आहे, आणि 'आपला माणूस तिथे असला की बरं' असं वरच्यांना वाटतं म्हणून. बास. एरवी अमेरिकेतून येणाऱ्या मॅनेजरच्या नावाने आम्हीच कँटीनमध्ये बोटं मोडतो. त्याला आपल्याकडचं काही कळत नाही, नुसता स्लाइड्स दाखवून जातो, वगैरे. ऑगस्ट २०२४ मध्ये तो स्लाइडवाला मीच झालो होतो.

टीममधले सगळे त्या बाईंना 'आते' म्हणत. तागालोगमध्ये आते म्हणजे थोरली बहीण, आपली ताई. माझ्या मराठी कानाला ते आत्याच ऐकू यायचं, आणि वयाच्या हिशेबाने ते जास्त बरोबरही होतं. दोनेक महिने मी मनातल्या मनात अहो-जाहो केलं, मग घरच्या आत्यासारखी तीही 'ती' झाली. म्हणून इथेही आतेच.

अख्ख्या मजल्यावर कॉफी न पिणारी ही एकटीच. रात्री दोनच्या रिलीजलाही मगात गरम मायलो. ऍसिडिटी आहे का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "नाही सर, चर्च." मला वाटलं चेष्टा करतेय. तर ती निघाली मॉर्मन. चहा, कॉफी, दारू, सिगारेट, सगळं बंद. मॉर्मनांबद्दल माझं ज्ञान म्हणजे यूटा, सायकलवर फिरणारी पांढऱ्या शर्टातली गोरी पोरं, आणि एका नवऱ्याच्या अनेक बायका. यातलं शेवटचं चर्चने १८९० मध्येच थांबवल्याचं जाहीर केलं होतं, हे आतेने मला अतिशय थंडपणे सांगितलं. बहुतेक तिला ते फार वेळा सांगावं लागत असणार. आणि हो, 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नका असं त्यांच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये सांगितलंय. पूर्ण नाव आहे 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. दर वेळी एवढं टाइप करणं माझ्याच्याने होणार नाही, त्यामुळे मी मॉर्मनच लिहितोय. आतेला मराठी वाचता येत नाही :)

ऑक्टोबरात मी एक पराक्रम केला. एका मोठ्या बदलाचा गो-लाइव्ह ३१ ऑक्टोबरच्या रात्री ठेवला. कॅलेंडर बघूनच ठेवला होता, पण पुण्याचं. एक नोव्हेंबरला फिलिपिन्समध्ये सगळा देश आपापल्या गावी जाऊन पूर्वजांच्या कबरींपाशी दिवे लावतो. आदल्या संध्याकाळी मनिलातून बाहेर जाणाऱ्या बसगाड्यांची अवस्था गणपतीत कोकणात जाणाऱ्या एसटीसारखी असते. मी तारीख जाहीर केली तेव्हा आतेने मेलला उत्तर दिलं होतं: "नोटेड पो." ('पो' हा आदरार्थी प्रत्यय, आपल्या 'हो जी' मधल्या 'जी'सारखा.) बाकीच्या सहा जणांनीही नोटेड पो.

तीस तारखेला कोणीतरी सहज बोललं आणि मला घाम फुटला. आतेकडे धावलो. तर तिने आधीच सगळी सोय लावलेली. कोणाचं गाव मनिलातच आहे, कोणाच्या घरी यंदा जायचं नाहीये, कोणाला दोन तारखेला बदली सुट्टी दिली तर चालेल, सगळं विचारून तिघांची रात्र ठरवून टाकली होती. गो-लाइव्ह नीट पार पडला. पुण्याहून 'ग्रेट लीडरशिप' अशी मेल आली. मला.

"मला सांगितलं का नाहीस?" म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही कळवलं होतंत सर. विचारलं नव्हतंत."

मग तिला विचारलं, हे इतक्या चटकन कसं जमवलंस? तर म्हणाली, रविवारी मी हेच करते.

आता हे रविवारचं प्रकरण जरा सविस्तर सांगितलं पाहिजे. मॉर्मन चर्चमध्ये गावपातळीवर पगारी धर्मगुरू नसतोच. एका वस्तीचा मिळून एक वॉर्ड, त्याचा प्रमुख बिशप. हा बिशप आठवडाभर कुठेतरी नोकरी करतो, कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी ट्रायसिकल चालवतो, आणि साधारण पाच वर्षं फुकट बिशपगिरी करून पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसतो. स्त्रियांची वेगळी संघटना आहे, रिलीफ सोसायटी नावाची, तिचीही वॉर्डात एक अध्यक्ष असते. आते तिच्या वॉर्डाची ती अध्यक्ष. कोणाचा नवरा सौदीला आहे आणि पैसे आले नाहीत, कोण बाळंत झालंय, कोण तीन आठवडे दिसलेलं नाही, वादळात कोणाचं छप्पर गेलं, याची यादी तिच्या वहीत असते. बिशप व्हायचं मात्र स्त्रियांना नाही, पुरोहितपद फक्त पुरुषांना. (यावर मी तिला एकदा छेडलं. तिने विषय बदलला. मीही बदलू दिला.)

असे आठ-दहा वॉर्ड मिळून होतो एक 'स्टेक'. शब्द तंबूच्या खुंटीवरून आला आहे. त्याचाही प्रमुख स्थानिक, बिनपगारी. पण जिथे अजून माणसं कमी आहेत, जम बसलेला नाही, तिथे स्टेक नसतो. ते 'मिशन'च्या हाताखाली असतं, आणि मिशनचा अध्यक्ष बाहेरून तीन वर्षांसाठी धाडलेला असतो, बऱ्याचदा अमेरिकन. त्याच्या हाताखाली अठरा-एकोणीस वर्षांपासूनची ती पांढऱ्या शर्टातली पोरं. आमच्या भाषेत बोलायचं तर स्टेक म्हणजे स्वतःच्या पायावर उभं असलेलं सेंटर, आणि मिशन म्हणजे जिथे अजून ऑनसाइटहून माणूस पाठवावा लागतो ते.

आते लहान होती तेव्हा तिच्या गावात स्टेक नव्हता, वॉर्डही नव्हता, नुसती छोटी शाखा. शाखेचा अध्यक्ष वीस वर्षांचा एक अमेरिकन मिशनरी. आतेचे वडील शाळामास्तर, वय पंचेचाळीस, ते त्याचे सल्लागार. म्हणजे खुर्च्या मांडायच्या, त्याच्या प्रवचनाचं भाषांतर करायचं, आणि लोक त्याच्याशी जे बोलत नसत ते ऐकून घ्यायचं. "पोरगा वाईट नव्हता," आते म्हणाली. भर पावसात चिखल तुडवत घरोघरी जायचा. पुस्तिकेत लिहिलेलं सगळं करायचा. एकदा शाखेतल्या एका बाईचे वडील गेले. घर कॅथलिक, त्यांच्यात नऊ दिवस प्रार्थना असते, पासियाम म्हणतात. बाईने विचारलं, मी जाऊ का? पुस्तिकेत पासियाम नव्हतं. पोराने प्रामाणिकपणे मिशनच्या ऑफिसला विचारणा पाठवली. उत्तर आलं तेव्हा नऊ दिवस होऊन गेले होते.

"मग?"

"मग काय. बाबांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, जा म्हणून."

पुढे त्या पोराची बदली झाली आणि आतेच्या वडिलांना शाखाध्यक्ष केलं. पहिल्या रविवारी ते समोरच्या मधल्या खुर्चीत बसलेच नाहीत. नेहमीसारखे कडेच्या खुर्चीत बसून सगळी सभा चालवली. मधली खुर्ची दोन आठवडे रिकामी होती म्हणे.

ती रिकामी खुर्ची माझ्या डोक्यातून काही जाईना. पुढच्या शनिवारी बाहेर धो धो पाऊस, सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये मी आणि मॅगी. म्हटलं बघू तरी, या चर्चमध्ये 'आमचा साहेब आमच्यातला हवा' असं कोणी कधी म्हटलंय का. म्हटलंय. आणि नुसतं म्हटलं नाही, चांगली दहा वर्षं वेगळी चूल मांडली. मेक्सिकोत.

मेक्सिकोत मॉर्मन मिशनरी १८७६ पासून जात होते. १९२६ मध्ये तिथल्या सरकारने परदेशी धर्मगुरूंवरच्या बंदीची कडक अंमलबजावणी सुरू केली आणि अमेरिकन मिशनऱ्यांना निघावं लागलं. मागे राहिलेल्या मेक्सिकन लोकांनी स्वतःच सगळं चालवलं. इसायास हुआरेस नावाचा एक गृहस्थ त्यांचा पुढारी होता. मिशनचा अध्यक्ष सीमेपलीकडे अमेरिकेत. कधी यायचा, बहुतेक वेळा नाही. अशी काही वर्षं गेल्यावर लोकांना वाटणारच की चालवतोय आम्ही, तर अध्यक्षही आमच्यातला द्या. १९३२ मध्ये सभा भरवून त्यांनी सॉल्ट लेक सिटीला तसं कळवलं. उपयोग झाला नाही. १९३६ मध्ये मिशनची पुनर्रचना झाली आणि मेक्सिकोला वेगळं मिशन मिळालं, तेव्हा आशा पुन्हा जागी झाली. अध्यक्ष राहिला हॅरॉल्ड प्रॅट.

आता गंमत बघा. प्रॅट मेक्सिकोतच जन्मलेला. अमेरिकेतून येऊन उत्तर मेक्सिकोत वसलेल्या गोऱ्या मॉर्मनांच्या वसाहतीतला. म्हणजे कागदोपत्री तो मेक्सिकनच होता, आणि मुख्यालयाला अगदी मनापासून वाटलं असणार की घ्या, दिला की तुमचा माणूस! लोक म्हणाले, कागद नको, आमच्या वंशाचा, आमच्या रक्ताचा हवा. एप्रिल १९३६ मध्ये तेकाल्को इथे त्यांची तिसरी सभा भरली. आबेल पाएस याचं नाव त्यांनी अध्यक्षपदासाठी सुचवलं. म्हणून ही चळवळ 'तिसरं कन्व्हेन्शन' या नावानेच ओळखली जाते. तिथल्या सदस्यांपैकी साधारण एक तृतीयांश यांच्या बाजूने गेले. १९३७ मध्ये पुढाऱ्यांना बहिष्कृत केलं गेलं.

मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे या लोकांनी धर्म बदलला नाही. तेच पुस्तक, त्याच प्रार्थना, तीच श्रद्धा. स्वतःची प्रार्थनाघरं बांधली, स्वतःचे मिशनरी पाठवले. आणि त्यांच्या रागाला एक धारदार कड होती. मॉर्मन श्रद्धेनुसार 'बुक ऑफ मॉर्मन' ही प्राचीन अमेरिका खंडातल्या लोकांची कथा आहे, आणि मेक्सिकन मूलनिवासी स्वतःला त्या लोकांचे वंशज मानत. म्हणजे पुस्तक आमच्या पूर्वजांचं, आणि ते आम्हाला समजावून सांगणार यूटाचा माणूस? मार्गारितो बाउतिस्ता नावाच्या सदस्याने या मुद्द्यावर जाडजूड ग्रंथच लिहिला. चर्चने तो छापायला नकार दिला. (हा बाउतिस्ता पुढे त्या चळवळीतूनही फुटला आणि बहुपत्नीत्व मानणारी स्वतःची वसाहत काढून बसला. प्रत्येक बंडात असा एक असतोच.)

दहा वर्षांनी समेट झाला. तो घडवून आणणारा माणूसही अमेरिकनच होता, आर्वेल पियर्स, १९४२ मध्ये आलेला मिशन अध्यक्ष. तो यांच्या सभांना गेला, यांच्या घरी जेवला, ऐकून घेतलं. आणि मग त्याने त्यांना एक साधी गोष्ट सांगितली. तुम्ही मागताय मेक्सिकन मिशन अध्यक्ष. पण मिशन म्हटलं की अध्यक्ष बाहेरून नेमलेलाच असतो. तुम्हाला खरं हवंय ते स्टेक. स्टेक झाला की प्रमुख आपोआप तुमच्यातला. आणि फुटून राहिलात तर स्टेक होण्याइतकी माणसं कधी जमणार नाहीत. १९४६ मध्ये चर्चचे अध्यक्ष जॉर्ज आल्बर्ट स्मिथ स्वतः मेक्सिकोला आले, बहिष्काराची शिक्षा सौम्य झाली, आणि सुमारे बाराशे लोक परत आले.

पियर्सचा मुद्दा वाचताना मी मॅगीचा चमचा हातात धरून बसलो होतो. आपण ऑफिसात भांडतो ते नेहमी नावावरून. याला लीड करा, तिला मॅनेजर करा. मुळात आपलं सेंटर 'मिशन' आहे की 'स्टेक', हे कोणी विचारत नाही. मिशन असेल तर मनिलात मनिलाचीच बाई बसवली काय आणि कोथरूडचा मुलगा बसवला काय, मंजुरी बाहेरूनच यायची.

पण पियर्सला पूर्ण मार्क देण्याआधी तारखाही बघून घ्या. त्या गोऱ्या वसाहतींना स्टेक मिळाला होता १८९५ मध्येच. मेक्सिको सिटीला मिळाला १९६१ मध्ये, आणि त्याचा पहिला प्रमुख होता हॅरॉल्ड ब्राउन. नावावरून काय ते समजा. मेक्सिकन वंशाचा स्टेकप्रमुख, ऍग्रिकोल लोझानो, झाला १९६७ मध्ये. तेकाल्कोच्या सभेनंतर एकतीस वर्षांनी. त्या सभेला चाळिशीत असलेले किती जण ते बघायला उरले असतील?

सोमवारी मी आतेला हे सगळं सांगितलं. तिला मेक्सिकोचं फारसं माहीत नव्हतं. तिला आश्चर्य मात्र वाटलं नाही. फिलिपिन्सच्या इतिहासात हे भांडण शाळेतच शिकवतात, फक्त ते कॅथलिकांचं. स्पॅनिश पाद्री विरुद्ध देशी पाद्री. १८७२ मध्ये तीन देशी पाद्र्यांना स्पॅनिश सरकारने बंडाच्या आरोपाखाली देहदंड दिला, त्यांची नावं एकत्र करून 'गोम्बुर्सा' म्हणतात आणि पोरांना ती पाठ असतात. १९०२ मध्ये रोमपासून फुटून वेगळं फिलिपिनी चर्च निघालं. आणि १९१४ मध्ये फेलिक्स मानालो याने 'इग्लेसिया नी क्रिस्तो' काढलं, त्यांचे टोकदार मनोरे मनिलात जिकडेतिकडे दिसतात. संपूर्ण देशी. मानालोनंतर त्याचा मुलगा प्रमुख झाला, मुलानंतर नातू. म्हणजे साहेब शंभर टक्के गावचा, पण घरचाच. हे मराठी माणसाला उलगडून सांगायला नको.

"तुमचं बरं मग," मी म्हटलं. "बिशप तुमचा, स्टेकप्रमुख तुमचा."

तसं ते आहेच. आमच्या ऑफिसपासून जवळच दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांचं कबरस्थान आहे, सतरा हजारांच्या आसपास पांढऱ्या खुणा, हिरवळीवर ओळीने. तिथे २८ एप्रिल १९६१ ला सकाळी मूठभर लोक जमले आणि फिलिपिन्समधलं मिशनकार्य रीतसर सुरू झालं. जमलेल्यांत फिलिपिनी सदस्य एकच, डेव्हिड लागमान. बाराच वर्षांनी, १९७३ मध्ये, मनिलाचा स्टेक झाला आणि त्याचे प्रमुख ऑगस्टो लिम नावाचे फिलिपिनी वकील होते. आज देशात आठ लाखांहून जास्त सदस्य नोंदलेले आहेत. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सगळे परदेशी मिशनरी परत बोलावले गेले, तेव्हा गाडा फिलिपिनी लोकांनीच ओढला. आते सांगत होती, त्या दोन वर्षांत तिला एकदाही वाटलं नाही की कोणी गेलंय.

पण तिच्याच बोलण्यातून हळूहळू दुसरी बाजूही कळत गेली. बिशपचं नाव स्टेकप्रमुख सुचवतो, पण मंजुरी सॉल्ट लेक सिटीहून येते. प्रत्येक बिशपची. जगात कुठल्याही वॉर्डाची. सदस्य उत्पन्नाचा दशांश देतात, तो मुख्यालयाकडे जातो आणि तिथून खर्चाचं बजेट खाली येतं. रविवारचा धडा तोच, जो त्या आठवड्यात साओ पाउलोत आणि आक्रातही चालतो. पांढरा शर्ट, टाय, मनिलाच्या मे महिन्यातसुद्धा. माणूस गावचा, मॅन्युअल हेड ऑफिसचं.

याला नावं ठेवणं सोपं आहे, आणि मी ठेवलीही. आते चिडली नाही, पण तिने जे सांगितलं त्याने माझी गोची झाली. ती म्हणाली, तिच्या शाखेतला पहिला फिलिपिनी अध्यक्ष तिचे वडील, पण दुसरा एक दुकानदार होता. त्याने पदावर येताच शाखेतल्या अर्ध्या लोकांना उधारीवर माल दिला आणि मग कोण कुठे बसणार, कोण बोलणार, सगळं उधारीच्या वहीप्रमाणे चालायला लागलं. तेव्हा लोकांनी तक्रार कोणाकडे केली? मिशन अध्यक्षाकडे. बाहेरच्याच माणसाकडे. कारण त्याचं गावात कोणाशी घेणं नव्हतं आणि देणंही नव्हतं. "सर, पुस्तिका नसती तर आम्ही काय दाखवलं असतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

२०२५ च्या सप्टेंबरअखेर त्यांचे अध्यक्ष रसेल नेल्सन वारले, एकशे एकाव्या वर्षी. त्यांच्यात निवडणूक नसते. बारा प्रेषितांच्या मंडळात जो सर्वात जुना, तो अध्यक्ष होतो. ऑक्टोबरात डॅलिन ओक्स झाले, वय त्र्याण्णव. यूटाचे, पूर्वी तिथल्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश. मी म्हटलं, झालं, पुन्हा अमेरिकन. आते खुलून म्हणाली, "ते आमचेच आहेत!" हे ओक्स २००२ ते २००४ मनिलात राहायला होते. प्रेषितांना मुख्यालयातून उचलून दोन-दोन वर्षं परदेशात ठेवायचा प्रयोग केला होता, ओक्स फिलिपिन्सला आणि जेफ्री हॉलंड चिलीला. दोन्हीकडे दुखणं एकच: बाप्तिस्मे भराभर आणि माणसं टिकत नाहीत. चिलीत तर चर्चच्या वहीत पाच लाखांहून जास्त, आणि २००२ च्या जनगणनेत स्वतःला मॉर्मन म्हणवणारे एक लाख चार हजारांच्या आसपास. हॉलंडनी तिथले कितीतरी स्टेक मोडून एकत्र केले. आतेने एकविसाव्या वर्षी ओक्सना ऐकलं होतं. काय बोलले ते तिला आठवत नाही. उकाड्यात कोट न काढता उभे होते, एवढं आठवतं.

तर हा माणूस लोकल की फॉरेन? आणि डीटर उक्टडॉर्फ? जर्मन, लुफ्थान्साचे वैमानिक, २००४ मध्ये प्रेषित झाले. ब्राझीलचे उलिसेस सोआरेस २०१८ मध्ये, ब्रिटिश पॅट्रिक किरॉन २०२३ मध्ये, फ्रेंच जेराल्ड कॉसे २०२५ मध्ये. पासपोर्ट मोजले तर यादी रंगीत होत चालली आहे. पण प्रेषित आजन्म असतो आणि त्याचं ऑफिस सॉल्ट लेकला. आणि पावणेदोन कोटी सदस्यांतले निम्म्याहून जास्त १९९६ पासून अमेरिकेबाहेर असले, तरी २०२५ संपेपर्यंत आशियात किंवा आफ्रिकेत जन्मलेला प्रेषित झालेला नव्हता. पहिल्या शतकातही तिथे परदेशी जन्माचे बरेच होते. तिसरे अध्यक्ष जॉन टेलर तर इंग्लंडचे. पण त्यातले बहुतेक आधी यूटाला जाऊन यूटाचे झाले होते. आपल्याकडच्या एखाद्याला वीस वर्षं न्यू जर्सीत मुरवून मग 'इंडिया हेड' म्हणून पाठवतात, त्यातलाच प्रकार. कोणी ठरवून करत नाही. विश्वास बसायला जवळ राहावं लागतं, आणि जवळ म्हणजे त्यांच्या जवळ.

भारताचंही बघितलंच, राहवेना म्हणून. १८५० च्या दशकात ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन मिशनरी मुंबईत आणि चक्क आमच्या पुण्यात येऊन गेला होता. ऐकणारे मुख्यतः गोरे शिपाई. काही वर्षांत सगळं आटोपलं. १९९३ मध्ये बंगळुरूला मिशन झालं, त्याचे पहिले अध्यक्ष गुरचरणसिंग गिल: जन्म पंजाबचा, नोकरी यूटातल्या विद्यापीठात गणिताच्या प्राध्यापकाची. आता हे प्रॅटच्या रकान्यात घालायचे की लोझानोच्या? भारतातला पहिला स्टेक हैदराबादला २०१२ मध्ये झाला, प्रमुख तेलुगू. तो स्थापन करायला आले होते हेच ओक्स.

असो. माझी पोस्टिंग डिसेंबर २०२५ मध्ये संपली. जाण्याआधी दोन महिने मी पुण्याला लिहिलं की पुढचा माणूस पाठवू नका, आतेला लीड करा. उत्तर आलं, 'क्लायंट कम्फर्ट' बघावं लागेल. मी पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा फोनवर बोललो तेव्हा आमचे साहेब (अगदी अस्सल सदाशिव पेठेतले) म्हणाले, करू, पण अप्रूव्हल्स तुझ्याकडे ठेवू, म्हणजे तुझा स्पॅनही तसाच राहील. अप्रेझलमध्ये 'क्रॉस-जिऑग्रफी टीम' ही ओळ माझ्या नावापुढे लागणार होती. मला तेव्हाच म्हणता आलं असतं की अप्रूव्हल्सही तिच्याकडेच द्या. पियर्स, मिशन, स्टेक, सगळं वाचून झालेलं होतं. मी म्हटलं, चालेल.

आतेला सांगितलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला, अभिनंदन जणू माझंच असावं तसं. खुर्ची बदलली नाही तिने. अजून खिडकीजवळच्या आपल्या जुन्या जागी बसते, आणि मी वापरायचो त्या केबिनमध्ये आता प्रिंटर ठेवलाय म्हणे.

मार्चमध्ये तिची पहिली रिक्वेस्ट पोर्टलवर आली. होली वीकचा बुधवार संध्याकाळ ते सोमवार, कुठलाही रिलीज नाही. पुण्याच्या कॅलेंडरमध्ये फक्त गुड फ्रायडे लाल होता. मनिलात गुरुवारीही सुट्टी असते, ते मला आता माहीत आहे. रात्रीचे साडेदहा वाजले होते, तिच्याकडे एक. मी लॅपटॉप उघडून मंजुरीचं बटण दाबलं.

दोन मिनिटांत उत्तर आलं. "नोटेड पो, सर."